पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

घरी कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी फोन करून सांगावं लागतं, "पंखे फिरतायत, लाइट लागलेत, पण डिस्प्ले येत नाही." पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "रॅम काढ, खोडरबरने पूस, परत लाव." गंमत म्हणजे हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. तो का लागू पडतो, हे मात्र फोनवर कुणी सांगत बसत नाही. सांगायचंच झालं तर बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत आत काय काय घडतं, तिथपासून सुरुवात करावी लागते. ते सगळं इतकं नाजूक असतं, की एकदा समजून घेतलं की एखादा कॉम्प्युटर चालू होत नाही याचं नवल वाटेनासं होतं. बाकीचे चालू होतात कसे, याचंच वाटायला लागतं.

समोरच्या टेबलावर काय मांडलंय ते बघा. प्रोसेसरचा आराखडा एका कंपनीचा, चिप तैवानमध्ये घडवलेली. मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीचा. रॅमच्या चिप बहुधा दक्षिण कोरियातल्या, त्या पट्टीवर बसवून वर रंगीत पत्रा चढवणारी कंपनी तिसरीच. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, सगळे वेगवेगळ्या घरचे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दोन-तीन दुकानांतून किंवा कुरिअरच्या खोक्यांतून हे भाग तुमच्या घरी येतात, तेव्हा त्यांची एकमेकांशी पहिलीच गाठ असते. नेमका हाच प्रोसेसर, हीच रॅम आणि हाच बोर्ड असा संच त्याआधी जगात कुणी एकत्र चालवून पाहिला असेलच, असं नाही. म्हणून भाग जुळतात की नाही हे दुकानात पूर्णपणे ठरतच नाही. दर वेळी बटण दाबलं की ते नव्याने ठरतं. बिघाड शोधायचा म्हणजे ही बोलणी नेमकी कोणत्या टप्प्यावर फिसकटली, ते शोधायचं.

आधी वीज

खरं तर बटण दाबायच्या आधीपासून बोर्ड अर्धवट जागा असतो. भिंतीवरचा स्विच चालू केला की एसएमपीएसच्या जांभळ्या वायरीतून ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह बोर्डाला मिळत राहतो. प्लग काढलेला असला तरी एका कोपऱ्यात नाण्याएवढ्या सेलवर घड्याळ चालूच असतं. त्यातला स्फटिक सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात, त्यामुळे ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद हाती येतो.

तुम्ही बटण दाबता तेव्हा बोर्ड हिरव्या वायरीवरून एसएमपीएसला 'सुरू हो' म्हणून सांगतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह उभे राहतात, पण ते स्थिर होईपर्यंत कुणीही हलायचं नसतं. सगळे व्होल्टेज मर्यादेत आले, की किमान १०० मिलिसेकंद थांबून एसएमपीएस करड्या वायरीवरून 'वीज ठीक आहे' असा निरोप पाठवतो. तो निरोप येईपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. पंखे मात्र १२ व्होल्ट आले की लगेच फिरायला लागतात. त्यामुळे फिरणारे पंखे एवढंच सांगतात, की १२ व्होल्ट पोचले. प्रोसेसर जागा झाला की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

प्रोसेसरला १२ व्होल्ट चालत नाहीत. त्याला साधारण १ ते १.३ व्होल्ट लागतात, म्हणून सॉकेटभोवतीची छोटी कॉइल-कपॅसिटरची फौज व्होल्टेज खाली आणते. व्होल्टेज कमी झालं की तेवढ्याच पॉवरसाठी अँपिअर वाढतात. १.२ व्होल्टवर १२० वॉट घेणारा प्रोसेसर १०० अँपिअर ओढतो. बाथरूममधला २ किलोवॉटचा गीझर ९ अँपिअरवर भागवतो, हे लक्षात घेतलं म्हणजे सॉकेटखाली काय चाललंय याची कल्पना येईल. म्हणूनच प्रोसेसरच्या शेकडो पिनांना वीज आणण्याखेरीज दुसरं काम नसतं. इंटेलच्या २०१७ सालच्या आठव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या १,१५१ पिनांपैकी जवळजवळ निम्म्या वीज आणि अर्थिंगच्या होत्या.

याच पिढीने हौशी लोकांना चांगलंच कोड्यात टाकलं. पिना पूर्वीइतक्याच, सॉकेटचा आकार तोच, प्रोसेसर जुन्या बोर्डात व्यवस्थित बसायचासुद्धा. पण चालायचा नाही. आधी मोकळ्या ठेवलेल्या काही पिना इंटेलने आता विजेच्या कामाला लावल्या होत्या. कोअर वाढले, वीज जास्त लागते, हे कारण कंपनीने दिलं. पुढे काही चिवट मंडळींनी बायॉसमध्ये फेरफार करून, काही पिनांवर चिकटपट्टी लावून तोच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवला. यातून एक गोष्ट पक्की कळते. भाग सॉकेटमध्ये बसला म्हणजे तो जुळलाच, असं नाही.

विजेच्या बाबतीत आणखी दोन ठिकाणी घात होतो. प्रोसेसरसाठी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात आठ पिनांचा वेगळा सॉकेट असतो, आणि नवशिक्याकडून तोच राहून जातो. मग पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि प्रोसेसर उपाशी. दुसरा प्रकार याहून महागात पडतो. सुट्या केबलवाल्या एसएमपीएसमध्ये केबलचं बोर्डाकडचं टोक ठरलेल्या मापाचं आणि ठरलेल्या क्रमाचं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असा कुठलाच नियम नाही. जुन्या एसएमपीएसची केबल नव्यात चपखल बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवून एसएसडी जाळते. एसएमपीएस बदलला की त्याच्या केबलही बदलायच्या, हा नियम कधी मोडू नये.

भारनियमनाची सवय असलेल्या आपल्याकडे या यादीत यूपीएसही येतो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची वीज देतो. आजकालचे चांगले एसएमपीएस मेन लाइनमधून वीज घेताना तिच्या लाटेचा आकार सांभाळून घेतात. त्यांतल्या काहींना ही पायऱ्यांची वीज पचत नाही. लाइट गेली की यूपीएस बीप करतो आणि कॉम्प्युटर तरीही बंद पडतो, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. दुसरं कारण सरळ गणिताचं आहे. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात बहुधा ३६० वॉटच देतो, आणि गेम चालू असताना तेवढे कधीच ओलांडलेले असतात.

पडदा नसताना बोलायचं कसं?

वीज स्थिर झाली की प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन पहिली आज्ञा वाचतो. १९७८ च्या ८०८६ या चिपमध्ये हा पत्ता उपलब्ध मेमरीच्या अगदी टोकाला, शेवटच्या १६ बाइटांच्या सुरुवातीला होता. आजचे इंटेल-एएमडी प्रोसेसर त्याच घराण्यातले आहेत, आणि टोकाशी जाऊन सुरुवात करायची ती रीत त्यांनी सोडलेली नाही. त्या पत्त्यावर असतो बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये भरलेला प्रोग्राम. बाजारात आता त्याचं नाव यूईएफआय झालं असलं, तरी तोंडात बायॉसच बसलंय.

इथे एक मजेदार पेच उभा राहतो. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा जो प्रोसेसर अजून जन्मालाच आला नव्हता, त्याला जुना बायॉस ओळखणार कसा? नवा बायॉस भरला की ओळखेल. पण भरायला कॉम्प्युटर चालू व्हायला हवा, आणि तो चालू व्हायला ओळखता येईल असा प्रोसेसर हवा. २०१८ साली एएमडीच्या रायझन प्रोसेसरांच्या बाबतीत असंच झालं, तेव्हा कंपनीने यावर चक्क उसनवारीचा मार्ग काढला. अडकलेल्या ग्राहकाला ती एक जुना, स्वस्त प्रोसेसर पाठवायची. त्याच्यावर बोर्ड चालू करायचा, बायॉस बदलायचा आणि प्रोसेसर परत करायचा. आता बऱ्याच बोर्डांच्या मागे यासाठी वेगळं बटणच असतं. प्रोसेसर नसला, रॅम नसली तरी चालतं. पेन ड्राइव्हमधली फाइल एक छोटी स्वतंत्र चिप वाचते आणि बायॉस लिहून टाकते.

हे रायझन ज्या एएम४ सॉकेटमध्ये बसायचे, त्याची पुढची अडचण जागेची होती. हा सॉकेट इतकी वर्षं टिकला, की सगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची ओळख १६ एमबीच्या फ्लॅश चिपमध्ये मावेना. काही कंपन्यांनी बायॉसमधली रंगीत चित्रं काढून जागा केली, काहींनी जुन्या प्रोसेसरांना यादीतून वगळलं. चारशे मालिकेच्या बोर्डांना पुढची पिढी चालणार नाही, असं एएमडीने मे २०२० मध्ये जाहीर केलं. ग्राहक खवळले, आणि त्याच महिन्यात कंपनीला निर्णय फिरवावा लागला. काही हजार रुपयांचे बोर्ड बाद होणार की नाही, हा प्रश्न अखेर काही मेगाबाइटांवर येऊन ठेपला होता.

बायॉस जागा झाला तरी अजून रॅम तयार नाही, ग्राफिक्स कार्ड तयार नाही, म्हणजे पडदाही नाही. अडचण आली तर सांगायची कशी? जुन्या बोर्डांनी आवाजाची वाट निवडली. एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक. लांब-आखूड बीपच्या वेगवेगळ्या जोड्या म्हणजे वेगवेगळे बिघाड, आणि त्या जोड्या बायॉसच्या कंपनीप्रमाणे बदलायच्या. नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. महाग बोर्डांवर दोन अंकांचा छोटा डिस्प्ले असतो. प्रत्येक पायरीला बायॉस एक आकडा लिहितो आणि पुढे जातो. जिथे अडकला तो आकडा तिथेच राहतो. म्हणून डिस्प्ले नाही म्हणून हातपाय गाळण्याआधी बोर्डावर टॉर्च मारून कोणता दिवा लागून राहिलाय ते पाहावं. निम्मा शोध तिथेच संपतो.

रॅमची तालीम

सर्वांत जास्त वेळा लागून राहतो तो डीरॅमचा दिवा, आणि सर्वांत विलक्षण गोष्टही तिथेच घडत असते.

रॅमच्या प्रत्येक पट्टीवर मुख्य चिपांखेरीज एक इवलीशी चिप असते. डीडीआर५ पिढीच्या रॅममध्ये तिच्यात १,०२४ बाइटांची नोंद असते: मी किती जीबीची, माझा वेग किती, कोणत्या कामाला मला किती वेळ लागतो, मी कोणत्या वर्षी कोणत्या आठवड्यात तयार झाले. बायॉस दोन बारीक तारांवरून ही नोंद सावकाश वाचतो. खोक्यावर '६०००' छापलेलं असलं तरी या नोंदीतला सुरुवातीचा वेग बहुधा ४८०० असतो. ६००० हा वेग एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाच्या वेगळ्या नोंदीत असतो आणि तो तुम्ही बायॉसमध्ये जाऊन मागावा लागतो. ते करायचं राहिलं, तर जास्त पैसे मोजून घेतलेली रॅम वर्षानुवर्षं सावकाशच चालत राहते.

नोंद वाचून झाली की खरी तालीम सुरू होते. ६००० चा वेग म्हणजे एका तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट. एका बिटच्या वाट्याला येतात १६७ पिकोसेकंद. तेवढ्या वेळात निर्वातातला प्रकाश ५ सेंटिमीटर जातो, आणि बोर्डाच्या तांब्यातला सिग्नल त्याच्या साधारण निम्मा, म्हणजे अडीच सेंटिमीटर. सॉकेटपासून रॅमच्या टोकापर्यंतची वाट याहून लांब असते. म्हणजे पहिली बिट पोचायच्या आत तिच्यामागून दुसरी, तिसरी वाटेला लागलेल्या असतात. अशा वेळी एक तार दुसरीपेक्षा काही मिलिमीटर लांब असली, तर ६४ तारांवरून एकाच वेळी निघालेल्या बिट वेगवेगळ्या वेळी पोचतील. म्हणून बोर्डावर सॉकेट आणि रॅम यांच्यामध्ये काही तारा मुद्दाम नागमोडी काढलेल्या दिसतात. जवळच्या तारेला वळसे देऊन तिची लांबी दूरच्या तारेइतकी केलेली असते. उजेड तिरपा पाडून बघा, हिरव्या-काळ्या लेपाखाली ही वळणं साध्या डोळ्यांनी दिसतात.

एवढं करूनही फरक उरतोच. प्रत्येक बोर्ड जरा वेगळा, प्रत्येक पट्टी जरा वेगळी. म्हणून प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर तारा एकेक करून तपासतो. ठरलेला नमुना लिहितो, परत वाचतो, वाचायचा क्षण किंचित पुढे सरकवतो, पुन्हा वाचतो. कुठून कुठपर्यंत उत्तर बरोबर येतं ते पाहून त्या पट्ट्याचा मध्य पकडतो. मग व्होल्टेजसाठी हेच. इंग्रजी मॅन्युअलांत याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या अलीकडच्या चिपमध्ये तर मुख्य कोअर जागे होण्याआधी एक छोटा वेगळा प्रोसेसर उठतो आणि ही तालीम उरकून घेतो. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा चालू करताना यात काही मिनिटंही जातात. पडदा काळा, आवाज नाही, डीरॅमचा दिवा लागलेला. घाबरून बटण दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो आणि तालीम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नव्या बोर्डाच्या पहिल्या वेळी एकच काम करायचं: चहा टाकायचा आणि वाट पाहायची.

आता चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर त्या कुठे लावायच्या? बहुतेक मॅन्युअल सांगतात, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. हे कुणाच्या मर्जीने ठरलेलं नाही. बऱ्याच बोर्डांत तारा पहिल्या स्लॉटमधून पुढे दुसऱ्यात जाऊन संपतात. पट्टी पहिल्यात लावली तर दुसऱ्याकडे जाणारा तारेचा तुकडा मोकळा लोंबत राहतो. सिग्नल त्या मोकळ्या टोकापर्यंत जातो, तिथून उलट परततो आणि मागून येणाऱ्या बिटमध्ये मिसळतो. कमी वेगाला हे खपून जातं, जास्त वेगाला तालीम फसते. पट्टी शेवटच्या स्लॉटमध्ये असली की मोकळं टोक उरतच नाही. चारही स्लॉट भरले की प्रत्येक तारेवर दोन पट्ट्यांचा भार येतो. म्हणून रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग देणारी एएमडी चार पट्ट्यांना फक्त ३६०० चं आश्वासन देते. पुढेमागे रॅम वाढवू म्हणून तशाच आणखी दोन पट्ट्या आणणाऱ्याला हे उशिरा कळतं.

आणि खोडरबर? रॅमच्या सोनेरी दातांवर सोन्याचा थर मायक्रॉनहून पातळ असतो. दमट हवेत, धुळीत, बोटांच्या घामाने त्यावर एक न दिसणारा पापुद्रा चढतो. २८८ दातांपैकी एकाचा जरी स्पर्श नीट झाला नाही, तरी तालमीत ती तार नापास होते. खोडरबराने पापुद्रा निघतो, हे खरं. पण बऱ्याचदा नुसतं काढून परत लावल्यानेही काम होतं, कारण दात स्लॉटच्या स्प्रिंगवर घासून स्वतःच साफ होतात. खोडरबर सोनंही थोडं खरवडतो आणि त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा. पट्टी लावताना टक असा आवाज येईपर्यंत दाबायची, हे सगळ्यात महत्त्वाचं.

कार्डाची ओळख

रॅम तयार झाली की पाळी ग्राफिक्स कार्डाची. ते कॉम्प्युटरशी बोलतं पीसीआय एक्स्प्रेस या वाटेवरून. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले आणि यूएसबीमुळे जगाला माहीत झालेले इंटेलचे अजय भट्ट यांचा या वाटेच्या घडणीतही हात होता. २००३ साली ती आली.

तिची सुरुवात फार सुंदर आहे. स्लॉटमध्ये कुणी आहे का, हे बोर्डाला माहीत नसतं. तो तारेवर एक छोटा धक्का देतो आणि तार चार्ज व्हायला किती वेळ लागला ते मोजतो. पलीकडे कार्ड असेल तर वेळ जास्त लागतो, नसेल तर कमी. वेळावरून अस्तित्व ओळखायचं! मग दोघं सर्वांत कमी वेगाला बोलायला लागतात. तारांना क्रमांक देतात, एखादी जोडी उलटी जोडलेली असली तर ती सांभाळून घेतात. मग एकमेकांना विचारून वेग वाढवत नेतात. वरच्या वेगांना ऐकणारा बोलणाऱ्याला चक्क सुचवतो, की तुझ्या सिग्नलची सुरुवात थोडी ठळक कर, शेवट थोडा मवाळ कर. दोघांचं जमेपर्यंत हे चालतं. नाही जमलं तर दोघं खालच्या वेगावर येतात आणि काम सुरू करतात.

ग्राफिक्स कार्ड उभं बसवण्यासाठी लोक रायझर केबल लावतात. केबल तिसऱ्या पिढीच्या वेगाची आणि कार्ड-बोर्ड चौथ्या पिढीचे असले, तर दोघं उत्साहाने वेग वाढवतात आणि केबल मध्येच दगा देते. कधी पडदा काळा, कधी गेम मध्येच बंद. केबल काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावायचं, किंवा बायॉसमध्ये स्लॉटचा वेग हाताने तिसऱ्या पिढीवर बांधून टाकायचा. कार्ड बिचारं निर्दोष असतं.

याआधीच्या पिढीला यातलं काहीच मिळालं नव्हतं. १९९० च्या सुमारास साउंड कार्ड लावायचं म्हणजे त्यावरचे बारीक जंपर चिमट्याने हलवून त्याला एक इंटरप्ट क्रमांक द्यावा लागे. असे क्रमांक मोजून सोळा, आणि त्यातले बरेच आधीच वाटले गेलेले. दोन कार्डांना एकच क्रमांक गेला की दोन्ही गप्प. विंडोज ९५ ने हे काम आपल्याकडे घेतलं आणि सुरुवातीला ते इतकं बेभरवशाचं होतं, की लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स व्यासपीठावर असताना विंडोज ९८ ला स्कॅनर जोडून दाखवण्यात आला, आणि भरल्या सभागृहासमोर पडदा निळा झाला. आज आपण माउस लावतो आणि तो चालतो, त्यामागे अशी फजिती पचवलेली आहे.

अजून एक गुपचूप तडजोड एसएसडीच्या बाबतीत होते. प्रोसेसरमधून निघणाऱ्या तारा मोजक्या असतात. रायझन ५००० च्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून २४ जोडवाटा निघतात. त्यातल्या १६ ग्राफिक्सला, ४ एसएसडीला आणि ४ बोर्डावरच्या चिपसेटला. बाकीचं बहुतेक सगळं चिपसेटच्या त्या चार वाटांतून भागवायचं. म्हणून कित्येक बोर्डांत दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की साटाचे एखाद-दोन पोर्ट बंद होतात, आणि जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी होते. हार्ड डिस्क मेली असं वाटतं. उत्तर मॅन्युअलच्या तळटीपेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

पद्धत अशी

हे सगळं घरी शोधता येतं, याला एक इतिहास आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी आणला तो बाजारात मिळणाऱ्या भागांतून जोडलेला. त्याच्या सर्किटचे आराखडे आणि बायॉसचा संपूर्ण मजकूर कंपनीने तांत्रिक मॅन्युअलमध्ये छापून विकला. बायॉसवर कॉपीराइट होता, तेव्हा तो उतरवून घेणं शक्य नव्हतं. कॉम्पॅकने दोन गट केले. एकाने बायॉस काय करतो एवढंच लिहून काढलं. मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने ते वाचून नवा बायॉस लिहिला. मग फिनिक्ससारख्या कंपन्या असे बायॉस विकू लागल्या आणि कुणाचाही भाग कुणाच्याही भागाशी जोडायची वाट मोकळी झाली. कॅबिनेटमधल्या प्रत्येक जोडणीचे नियम आज कुठे ना कुठे लिहिलेले आहेत. त्यामुळे अंदाजाने ठोकाठोकी करायची गरज नसते.

प्लग काढा. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. मागे चुकीच्या जागी राहिलेला एखादा पितळी स्टँडऑफ शॉर्ट करत असेल, तर तो संशय तिथेच मिटेल. लावायचं फक्त एवढंच: प्रोसेसर, त्याचा कूलर, दुसऱ्या स्लॉटमध्ये रॅमची एकच पट्टी आणि विजेच्या दोन केबल. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड बाजूला ठेवा आणि मॉनिटरची केबल बोर्डाला लावा. कार्ड लावलेलं असेल तेव्हा मात्र ती केबल कार्डाला, बोर्डाला नाही. या एका गोष्टीने कित्येक रविवार खाल्लेत. सेल काढून पाच मिनिटांनी परत लावा, म्हणजे आधीच्या भागांसाठी जपलेली सेटिंग पुसली जातील. चालू झालं की एका वेळी एकच भाग वाढवत जा. दोन एकदम लावले तर दोष कुणाचा ते कळत नाही. रॅमचा संशय असेल तर मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी रॅम नापास किंवा तिचा वेग जास्त झाला, असं धरायचं. आणि एसएमपीएसचा डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त साठा काही काळ राहू शकतो.

हे झाले ओरडून सांगणारे बिघाड. पण वर पाहिलं तसं, बोलणी फिसकटली की हे भाग बहुतेकदा भांडत नाहीत. खालच्या वेगावर जुळवून घेतात. स्लॉटमधली धूळ, अर्धवट बसलेलं कार्ड, बायॉसमध्ये न मागितलेला वेग, यांतलं काहीच पडद्यावर येऊन सांगत नाही. तेव्हा तुमचा कॉम्प्युटर छान चालत असेल, तरीही आज एकदा बघा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमचा चालू वेग लिहिलेला असतो. जीपीयू-झेडसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम ग्राफिक्स कार्ड किती वाटांवर आणि कोणत्या पिढीच्या वेगाने जोडलंय ते दाखवतो. फक्त तो आकडा कार्डाला काम देऊन वाचायचा, कारण रिकामं असताना वीज वाचवायला ते मुद्दामच हळू होतं. हे आकडे खोक्यावर छापलेल्या आकड्यांशी ताडून बघा. कमी निघाले, तर आत कुणीतरी कुणासाठी तरी माघार घेतली आहे. कुणी आणि का, ते शोधायला कॅबिनेटचा पत्रा उघडावा, एवढं निमित्त पुरे आहे.